लांबबाईंची खुर्ची

आमच्या आळीत चांगली म्हणावी अशी खुर्ची एकच होती. शिसवी लाकडाची, वेताच्या बैठकीची, दोन्ही बाजूंना ऐसपैस हात असलेली. ती शेजारच्या फरसूकाकांची. एका जुन्या पाद्रींनी बदली होऊन जाताना ती त्यांच्या वडिलांना दिली होती आणि तेव्हापासून ती माळ्यावर असायची. बिशप गावात येणार असले, किंवा कोणाकडे मुलगी बघायला माणसं येणार असली, तरच ती खाली उतरायची, पुसली जायची आणि काम झालं की परत वर. पण मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले त्या वर्षापासून पुढची दोन वर्षं ती माळ्यावर गेलीच नाही. ती लांबबाईंच्या मागे फिरत राहिली.

लांबबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हतं. खऱ्या नावाला आमच्या आळीत कोणाचीच जीभ वळली नाही, आणि त्यांच्या देशाच्या नावाचंही तेच झालं. युरोपातला कुठलासा थंड देश, एवढंच आम्हाला कळलं. माझी आई त्याला 'बर्फाकडे' म्हणायची, एखाद्याने शेजारच्या गावाला 'आगाशीकडे' म्हणावं तसं. "बर्फाकडची माणसं चहात साखर घेत नाहीत," असं ती चार बायकांना ठणकावून सांगायची, तेही एकाच बाईच्या अनुभवावर. तिकडे आयुष्यभर मास्तरकी करून पन्नाशी उलटल्यावर या बाईंनी एका सेवाभावी संस्थेत नाव घातलं होतं. संस्थेने त्यांना दोन वर्षांसाठी इंग्रजी शिकवायला पाठवलं ते थेट वसई भागात, निर्मळच्या अलीकडे, केळीच्या वाड्यांत दडलेल्या आमच्या शाळेत. सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट.

राहायला त्या आमच्याकडेच होत्या. मोगऱ्याच्या पाट्या दादरला जाण्याआधी ज्या मागच्या खोलीत भरल्या जायच्या, ती खोली वडिलांनी त्यांना रिकामी करून दिली होती. खोलीचं दार आमच्या उंचीच्या माणसांसाठी बांधलेलं. बाईंचं डोकं रोज चौकटीला लागायचं आणि त्या रोज चौकटीला म्हणायच्या, "क्षमा असावी."

हो, मराठी यायची त्यांना. म्हणजे एक प्रकारची यायची. आमच्या भागात पूर्वी राहून गेलेले एक म्हातारे पाद्री त्यांच्या देशात परतले होते. त्यांच्याकडून आणि त्यांच्याजवळच्या एका जुन्या प्रार्थनापुस्तकावरून बाईंनी मराठी शिकून घेतली होती. त्यामुळे आमच्या देवळात (बाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो) जी मराठी फक्त रविवारी ऐकू यायची, ती बाई आठवडाभर बोलायच्या. एसटीच्या कंडक्टरला म्हणायच्या, "हे बंधो, मला विरारपर्यंत घेऊन जा आणि तुझे कल्याण असो." कंडक्टर बिचारा पहिल्या वेळी टोपी काढून उभा राहिला. एकदा दारावर मासळीवाली आली. बाई तिच्या पाटीसमोर वाकल्या आणि गंभीरपणे म्हणाल्या, "हे स्त्रिये, ही मासळी आजची आहे काय? सत्य तेच सांग."

"आताच पान्यातनं काढलीय बाई, देवाशप्पथ," मासळीवाली म्हणाली, आणि सवयीने "आमेन" म्हणून तिने दोन बोंबील जास्तीचे टाकले. त्या दिवसापासून आई बाजारहाटाला बाईंना सोबत न्यायची. खोटं बोलायची कोणाची छाती व्हायची नाही.

शाळेत मुलं त्यांच्यावर जीव टाकायची, कारण त्या वर्गात फार थोडा वेळ असायच्या. 'विहीर' हा शब्द शिकवायचा तर विहिरीवर, 'घड' शिकवायचा तर केळीखाली. केळीचा घड खांद्यावर घेऊन "धिस इज हेवी" म्हटल्याशिवाय 'हेवी' कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या हेडमास्तरांना हे पसंत नव्हतं. पण सांगणार कोण? बाई पाहुण्या. पाहुण्याला काही बोलायचं नाही. हेडमास्तर फक्त मला बोलावून म्हणायचे, "त्यांना सांगा, वर्गातसुद्धा फळा आहे." मी सांगायचे नाही. मलाही त्या पाहुण्याच होत्या.

इथेच सगळं घोडं अडलेलं होतं. बाईंना आमच्याकडे सगळं मिळालं, उकड्या तांदळाचा भात मिळाला, निर्मळच्या जत्रेतली वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी मिळाली, देवळात पहिला बाक मिळाला. एक गोष्ट मिळेना. त्यांना कोणीही काम सांगेना. आणि त्यांना तर तेवढंच हवं होतं.

त्या कोणाच्याही घरी गेल्या की आधी धावपळ व्हायची. घरातलं एक पोर मागच्या दाराने फरसूकाकांकडे पळायचं आणि खुर्ची डोक्यावर घेऊन यायचं. बाई तोवर जमिनीवर बसलेल्या असायच्या. लांबलचक पाय कुठे ठेवावे या विचारात. मग चार बायका त्यांना हाताला धरून उठवायच्या आणि खुर्चीत बसवायच्या. बाई आधी हसून, मग रागावून, मग विनवून सांगायच्या, "मी बसावयास आले नाही." पण ऐकतं कोण? पुढे पुढे तर त्या रस्त्याने निघाल्या की लोक अंदाज बांधायचे, कोणाकडे जाणार, आणि खुर्ची त्यांच्या आधी तिथे पोचलेली असायची. एकदा दुपारी मी त्यांना आमच्या विहिरीच्या मागे, केळीच्या आडोशाला उकिडवं बसलेलं पाहिलं. म्हटलं, "बाई, काय झालं?" त्या कुजबुजल्या, "खुर्ची गेली का?"

बसवणं तसं पोचवणंही. त्या वसईला निघाल्या तरी आळीतली आठ-दहा माणसं बसस्टॉपपर्यंत पोचवायला. बस सुटेपर्यंत सगळे उभे, आणि बस हलली की सगळ्यांचे हात वर. दुपारी त्या परत यायच्या तेव्हा हीच माणसं तोच प्रकार उलटा करायची. आमच्याकडे रीतच ती. पाहुण्याला पोचवायचं. घरचं माणूस निघालं तर कोणी पाटावरून उठतसुद्धा नाही. "येते" म्हणायचं, आतून "ये" यायचं, झालं.

आणि त्यांचं ते थँक्यू! सुरुवातीला पाण्याच्या तांब्यालाही थँक्यू. मग कोणीतरी सांगितलं म्हणून "धन्यवाद". आई एकदा वैतागलीच. मला आत येऊन म्हणाली, "कशाला गो ती धन्यवाद देते सारखी? मी काय भाषण केलं?" मी हे बाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही आईस कधीच धन्यवाद देत नाही?" मी म्हटलं, "आईला कशाला द्यायचे?" त्या दिवसापासून त्यांनी धन्यवाद बंद केले. पण आईने काही खुर्ची बंद केली नाही.

पहिल्या वर्षी दिवाळीनंतर पानवेलीचा प्रसंग झाला. फरसूकाकांची पानवेल होती, विड्याच्या पानांची. आमच्याकडे पानवेलीत कोणी चपला घालून जात नाही. हिंदू असो, ख्रिस्ती असो, वेलीचा मान सगळे ठेवतात. बाई मुलांना वेलीसाठी 'व्हाइन' हा शब्द शिकवायला गेल्या आणि आपल्या त्या भल्याथोरल्या बुटांसकट थेट वेलींच्या रांगेत शिरल्या. मुलं बाहेर चपला काढून उभी, थिजलेली. फरसूकाका आत खुरप्याने काम करत होते. फरसूकाका म्हणजे कसे, तर पानवेलीत चपलेने गेला म्हणून सख्ख्या जावयाला त्यांनी भर दुपारी घालवून दिलं होतं. त्यांनी बुटांकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. आणि म्हणाले, "या बाई, या. सरबत घेणार?"

खुर्ची आली, सरबत आलं. बाई गेल्यावर काकांनी ती सगळी रांग पाण्याने धुतली.

हे बाईंना तीन-चार दिवसांनी एका मुलीकडून कळलं. संध्याकाळी त्या स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. डोळे लाल. मला वाटलं, चुकीबद्दल वाईट वाटलं असेल. मी समजूत घालायला लागले, "जाऊ द्या हो बाई, काका काही बोलले का तुम्हाला?"

"नाही ना बोलले!" त्या एकदम ओरडल्या. "जावयास बोलले. मला बोलले नाहीत. मला येथे कोणीही रागावत नाही. मी काय भिंतीवरचे चित्र आहे काय?"

खरंच होतं ते. जावई घरचा होता म्हणून त्याला शिव्या मिळाल्या, या बाहेरच्या म्हणून यांना सरबत मिळालं. तिखटमिठासाठी आसुसलेल्या माणसाला आम्ही रोज साखर खाऊ घालत होतो.

तेव्हाच कधीतरी त्यांना आमच्या दोन बोलावण्यांमधला फरक कळला. आळीत लग्न निघालं की एक बोलावणं पत्रिकेचं असतं. ते सगळ्यांना. दुसरं बोलावणं कामाचं. लग्नाच्या आदल्या दिवशी कांदे चिरायचे, लसूण सोलायची, नारळ खवायचे, तांदूळ निवडायचे, त्यासाठी घरची पोरगी दारोदार फिरते आणि प्रत्येक दाराशी एवढंच सांगते, "उद्या सकाळी ये गो, विळी घेऊन." प्रत्येक बाई आपापली विळी घेऊन जाते. पत्रिका चुकली तर माणसं विसरतात, पण हे बोलावणं चुकलं तर दोन-दोन पिढ्या तोंडं बघत नाहीत. बाईंना पत्रिका मात्र प्रत्येक लग्नाची आली. विळीचं बोलावणं एकाही लग्नाचं नाही.

आता यात बाईंनी काय करावं? त्या सायकल काढून आगाशीला गेल्या आणि सुताराला आणि लोहाराला एकत्र बसवून त्यांनी आपल्या मापाची विळी बनवून घेतली. पाट लांब, पातं उंच, टोकाला खवणी. खोलीचं दार लावून त्या रोज शाळेनंतर भोपळा चिरायचा सराव करायच्या. आमच्या म्हशीने त्या दिवसांत इतका भोपळा खाल्ला की तिला पुढे भोपळा नकोसा झाला. मग ती विळी वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली गेली आणि वर्षभर बोलावण्याची वाट बघत पडली.

दुसऱ्या वर्षी नाताळ झाल्यावर माझ्या थोरल्या भावाचं लग्न निघालं. आपल्याच घरचं लग्न. बाई ज्या घरात दोन वेळा जेवतात त्या घरचं. शिवाय एप्रिलअखेर त्यांची दोन वर्षं संपणार होती, म्हणजे त्यांच्या राहत्या घरातलं हे पहिलं आणि शेवटचं लग्न. लग्नाच्या दोन दिवस आधी आईने मला कामाचं बोलावणं करायला पाठवलं. मी दारोदार फिरले आणि परत आले तेव्हा बाई मागच्या खोलीच्या चौकटीत वाकून उभ्या होत्या.

"सर्व दारांशी थांबलीस," त्या म्हणाल्या. "माझ्या दाराशी थांबली नाहीस."

"तुम्हाला पत्रिका दिलीय ना बाई. सोनेरी अक्षरांची."

"पत्रिका," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांनी असा उच्चारला की मला लाज वाटली.

मी आईकडे गेले. आई तांदळाच्या पोत्यांवर बसून घामाघूम झाली होती. मी विषय काढला तर ती माझ्यावरच उखडली. "येड लागलं का गो तुला? ती आपल्या पोरांना शिकवायला घरदार सोडून आली. तिच्याकडनं कांदे सोलून घेऊ? उद्या बर्फाकडे जाऊन सांगेल, वसईच्या लोकांनी मला राबवलं. ते काय नाय. फरसूकडनं खुर्ची आन. मांडवाच्या मधोमध ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गोणपाटं पसरली. पंचवीसेक बायका, पंचवीसेक विळ्या, आणि बोलणं तर असं की शेजारच्या वाडीतले बगळे उडून गेले. आमची घरातली बोली वेगळी आहे. ती इथे जशीच्या तशी लिहिली तर तुम्हाला लांबबाईंसारखं पुस्तक घेऊन शिकायला बसावं लागेल, म्हणून मी जरा चाळून देते आहे. तर त्या गलक्यात बाई आल्या. पातळ नेसलेल्या, पदर खोचलेला, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती विळी. बोलावणं नसताना आल्या. आमच्या आळीत हे धाडस कोणी केलं नसतं.

आईने हात पुसले, तोंडभर हसली आणि म्हणाली, "या बाई, या. बसा." आणि मधोमध ठेवलेल्या खुर्चीत त्यांना नेऊन बसवलं. कोणीतरी सरबत आणलं. बाई खुर्चीत बसल्या, मांडीवर विळीचं पुडकं, हातात सरबत. भोवती जमिनीवर सगळ्या बायका कामात बुडालेल्या. इतकी एकटी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. मला आईचा राग आला, माझा आला, त्या खुर्चीचा तर असा आला की चुलीत घालावी.

तासाभराने बघते तर खुर्ची रिकामी. मला वाटलं, खोलीत जाऊन रडत बसल्या. पण नाही. बाई मागे विहिरीजवळ पोचल्या होत्या. तिथे घासायच्या भांड्यांचा ढीग होता, आणि ढिगाला लागूनच एक मोठा टोप, त्यात पांढरट पाणी. दोन वर्षं बाई आईला बघत होत्या. तांदूळ धुतले की ते धुवण आई कधी मोरीत ओतत नाही, केळीच्या बुंध्याशी ओतते. बाईंनी तेच केलं. टोप उचलला, सगळ्यात जवळच्या केळीला हळूहळू, पानाला धक्का न लावता सगळं पाणी घातलं, आणि मग राख आणि काथ्या घेऊन टोप असा लख्ख घासला की त्यात तोंड दिसावं.

ते तांदळाचं धुवण नव्हतं. संध्याकाळच्या जेवणाच्या कालवणासाठी दोन बायकांनी सकाळपासून खवून, वाटून, पिळून काढलेला नारळाचा घट्ट रस होता. तिकडे सावली म्हणून ठेवला होता.

आई टोप न्यायला आली. तिने लख्ख टोप बघितला. केळीच्या बुंध्याशी पांढरं थारोळं बघितलं. काथ्या हातात घेऊन अभिमानाने उभ्या असलेल्या बाई बघितल्या. आणि दोन वर्षांचा सगळा पाहुणचार तिच्या तोंडून एका दमात गळून पडला.

"अगो ए लांबडे! काय केलंस गो हे? रस होता तो, रस! दोन वर्षं माझ्या घरात जेवतेस, तांदळाचं धुवण आणि नारळाचा रस कळत नाय तुला? डोळे काय वाडीत ठेवून आलीस? आता माझ्या तोंडाकडे बघत काय उभी राहिलीस? विळी कुठाय तुझी? आन ती, बस खाली, आणि खव सगळे नारळ परत!"

अंगणातल्या सगळ्या विळ्या थांबल्या. फरसूकाकांच्या बायकोने तर छातीवर क्रूस केला. बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग त्या धावल्या. पन्नाशी उलटलेली, ताडासारखी उंच बाई पदर सावरत अंगणातून धावत गेली, खुर्चीखालचं पुडकं काढलं, कागद फाडला, आणि बायकांच्या रांगेत दोघींच्या मधे धप्पकन जमिनीवर बसली. आईने ती विळी बघितली.

"ही विळी की घोडा?" आई म्हणाली. आणि मग वळून, "ती खुर्ची उचला गो कोणीतरी मधनं. पाय अडकतायत."

खुर्ची कुडाला टेकवली गेली. तिच्यावर लसणीची टोपली ठेवली. लांबबाईंनी संध्याकाळपर्यंत नारळ खवले. बोटं दोनदा कापली, खोबऱ्यात करवंटीचे तुकडे पडले, त्यावरून शेजारणीने त्यांना झापलं, दुसरीने "सरक गो जरा तिकडे" म्हणून कोपराने ढकललं. बाईंच्या तोंडावर जे हसू होतं ते नवऱ्या मुलाच्या तोंडावरही दुसऱ्या दिवशी नव्हतं. मी माझ्या भावाबद्दलच बोलते आहे.

रात्रीचं जेवण उरकल्यावर आईला एकदम आठवलं, आपण काय काय बोललो. ती घाबरीघुबरी होऊन मागच्या खोलीशी गेली. मी मागोमाग. "बाई, मी सकाळी जरा... तोंडातनं गेलं. तुम्ही मनावर घेऊ नका."

बाई खाटेवर बोटाला चिंधी बांधत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे माते, जे मला दिले, ते परत मागू नका."

आईने मागितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांना 'लांबडे' आणि 'तू'च म्हणायला लागली. आळीला तेवढीच परवानगी हवी होती. पुढचे तीन महिने बाईंना उसंत मिळाली नाही. चिंचा फोडायच्या आहेत, ये गो. मसाला कुटायचा आहे, ये गो. फरसूकाकांनी तर त्यांना पानवेलीत नेऊन, बाहेर बूट काढायला लावून, पानं खुडायला बसवलं आणि पान देठासकट खुडलं नाही म्हणून इतकं बोलले की बाई ते सगळं मला जेवताना शब्दशः ऐकवत होत्या. हेडमास्तरांनीही हिंमत करून सांगून टाकलं की शाळेत फळासुद्धा असतो. "असतो," बाई म्हणाल्या, "परंतु तो जड नसतो." आणि मुलांना घेऊन केळीखाली गेल्या.

एप्रिल संपला. शाळेत निरोपसमारंभ झाला. हार, नारळ, हेडमास्तरांचं लांबलचक भाषण. मंचावर फरसूकाकांची खुर्ची ठेवली होती. बाई तिच्याकडे बघून हसल्या आणि निमूटपणे बसल्या, शेवटचं म्हणून.

निघण्याच्या दिवशी सकाळी सगळी आळी रस्त्यावर. शाळेची मुलं, देवळातली माणसं, मासळीवालीसुद्धा. बाई सगळ्यांना तिथेच सोडून मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात आल्या. आई चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. बाई दारात वाकून उभ्या राहिल्या. या वेळी डोकं लागलं नाही.

"येते," त्या म्हणाल्या.

"ये," आई म्हणाली. मान वर केली नाही. "आणि ती छत्री घे. नायतर विसरशील."

बस्स. हातातली भाकरी तव्यावर टाकली, दुसऱ्या गोळ्याला हात घातला. मी हादरलेच. एक बाई हजारो मैलांवर निघाली आहे, परत दिसेल का नाही देव जाणे, आणि ही पाटावरून उठतसुद्धा नाही? मी म्हटलंसुद्धा, "आई, ऊठ तरी!" आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बसस्टॉपपर्यंत सगळी वरात होतीच. बाई कोणाशी फारसं बोलत नव्हत्या. बस आली, कंडक्टर तोच, त्याने टोपी काढली. पायरीवर पाय ठेवता ठेवता बाईंनी मला जवळ ओढलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र निकालात पहिली आलेल्या मुलीसारखा.

"पाहिलेस?" त्या म्हणाल्या. "तुझी आई उठली नाही!"

मला तेव्हा कळलं. मी घरी आले तर आई तिथेच, चुलीपुढे. तव्यावरची भाकरी कोळसा झालेली, आणि आई पदर तोंडात कोंबून रडत होती. "बसली का गो नीट?" तिने विचारलं. "पाय लांब तिचे, मागची जागा मिळाली तर अडचण होईल." मी म्हटलं, "पुढे बसली." मग मीही तिच्याशेजारी बसून रडले.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. बाई त्यानंतर कधी आल्या नाहीत. आई गेली. फरसूकाका गेले, पानवेलही गेली. मी लग्नानंतर वसई स्टेशनच्या पूर्वेला आले, आता एव्हरशाईन नावाच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहते, आणि गेल्या वर्षी भावाच्या नातीचं लग्न निघालं तेव्हा मला पत्रिका आली, मोबाईलवर. फक्त पत्रिका. मी आदल्या दिवशी सकाळीच रिक्षा करून गेले. अंगणात आता केटररची माणसं असतात, पण आतल्या माणसांच्या जेवणाचं अजून घरच्या बायकाच करतात. भावाची धाकटी सून धावत आली, गोड हसली, "आत्या, तुम्ही बसा ना," म्हणाली आणि प्लास्टिकची पांढरी खुर्ची घेऊन आली.

माझे गुडघे दुखतात, हे खरं आहे. मी त्या खुर्चीकडे बघितलं.

"मी बसावयास आले नाही," मी म्हटलं. सून गोंधळली. "माळ्यावर बघ, एक विळी असेल. लांब पाटाची. ती आण."

तिने शोधून आणली. पात्याला गंज चढला होता, पाट शाबूत. तिने ती दोन्ही हातांत धरून उलटसुलट करून बघितली. "अगोबाई, केवढी ही! ही कोणाची?"

"आमच्या घरातल्या एका बाईची," मी खाली बसत म्हटलं. "बर्फाकडे असते ती."